फ्रीजर रूममधल्या तीन ओळी

चौकशी अधिकारी साहेब, तुमच्या अहवालाच्या चौथ्या पानावर एक वाक्य आहे.

'घटनेच्या वेळी आतून कोणताही संदेश आला नव्हता.'

खोटं आहे ते.

तीन संदेश आले होते. माझ्याकडे आहेत, वेळेसकट. एक बावन्न, एक अठ्ठावन्न आणि दोन वीस.

आणि अजून येतायत...

हे पान भुताखेतांच्या गोष्टी वाचणाऱ्यांचं आहे, ठाऊक आहे मला. आधी तुमच्याच ऑफिसात अर्ज घेऊन गेलो होतो. खिडकीवरच्या माणसाने पहिल्या चार ओळी वाचल्या आणि कागद परत सरकवला. "डॉक्टरला दाखवा," म्हणाला. म्हणून इथे लिहितोय. ज्याला थाप वाटेल त्याने खुशाल हसावं. मी कोणाला पटवायला बसलेलो नाही. त्या दिवशी त्या खुर्चीत मी होतो. मला पटलंय, तेवढं पुरे.

रात्र नव्हती. स्मशान नव्हतं. शनिवारची टळटळीत दुपार होती.

जागा म्हणजे गोठवलेल्या मालाचं गोदाम. वरच्या मजल्यावर ऑफिस, तिथे मी मालाच्या नोंदी करायचो. खाली फ्रीजर रूम, तिथे माझा थोरला भाऊ. दादा. उणे तीस डिग्री, छताला मोठे पंखे, सतत वारा. आत दाराशेजारी भिंतीवर एक जुना छोटा कॉम्प्युटर, जाड प्लास्टिकच्या खोळीत. खोक्यांचा आकडा टाकायचा, खाली 'शेरा' म्हणून एक रकाना, त्यात काही लिहायचं असेल तर लिहायचं. ते वर माझ्या स्क्रीनवर यायचं. मोबाईल आत न्यायचे नाहीत. थंडीत बंद पडतात, म्हणून बाहेर कपाटात.

आम्ही दोघं त्या रकान्यात टवाळक्या करायचो. मोबाईलवर लिहितो तसं, इंग्रजी अक्षरांत मराठी. 'जेवायला चल.' 'टकल्या वर आलाय, जागा हो.' टकल्या म्हणजे मॅनेजर.

एक दिवस टकल्याने ते सगळे शेरे छापले आणि गोदामातल्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले. दादा मान खाली घालून उभा. एकोणीस वर्षं नोकरी झालेला माणूस.

माझं डोकं फिरलं.

मी तेव्हा नुकता प्रोग्राम लिहायला शिकत होतो. क्लास नाही, गुरू नाही. रद्दीतून आणलेलं एक पुस्तक, त्याची मधली वीस पानं गायब. त्यात एक सोपा धडा होता. अक्षरं सरकवायचा. चावी तीन असेल तर प्रत्येक अक्षर तीन घरं पुढे. ए-चा डी, बी-चा ई. वाचणाऱ्याने तीन घरं मागे आणायचं. बस्स.

मी तो प्रोग्राम लिहिला. चौदा वेळा मोडला, पंधराव्यांदा चालला. दादाला दाखवला तर म्हणाला, "म्हणजे टकल्याला आता माझी शिवी वाचता येणार नाही?"

"नाही."

"मग काय मजा?"

मी प्रोग्राममधले बग, म्हणजे चुकांचे किडे, शोधत बसायचो ना, म्हणून मला 'किडेमास्तर' म्हणायला लागला. जेवताना विचारायचा, "काय किडेमास्तर, आज किती मारले?"

त्या शनिवारी सकाळी मी एक शहाणपणा केला. एकच चावी कायम ठेवली तर कोणीही पकडेल, असं वाटलं. म्हणून एक ओळ वाढवली. संदेश पूर्ण गेला की चावी एकने वाढव. आज तीन, मग चार, मग पाच. आणि दादाला बटण दाबायचा त्रास नको म्हणून असं केलं, की शेऱ्यात काहीही लिहिलं तरी ते आपोआप सरकूनच वर येईल.

काहीही लिहिलं तरी.

हे शब्द लक्षात ठेवा.

तपासायला मी खाली जाऊन एक अक्षर टाकलं. वर येऊन उलटवलं. बरोबर आलं. मशीन पुन्हा पहिल्यापासून चालू करून ठेवलं आणि मिशीला पीळ दिला. फक्त एक अक्षर, साहेब. कोणी विचारलं असतं तर म्हणालो असतो, चाचणी झाली.

शनिवारी अर्धा दिवस. दीडला हमाल गेले. ऑफिसात मी आणि नोंदणीच्या बाई. खाली एकटा दादा. दोन मिनिटांत खोकी मोजून येतो म्हणून जाड कोट न घालताच आत गेला. कोट त्या दिवशी बाहेरच्या खुंटीवरच होता... तुम्ही तो पाहिलात. 'सुरक्षा साधनांचा वापर केला नाही' असं लिहिलंत.

एक बावन्नला माझ्या स्क्रीनवर एक ओळ आली.

नुसता कचरा. अक्षरांची खिचडी.

बाई म्हणाल्या, "अरे, तुझं खालचं मशीन काय बरळतंय?"

"माझंच पोरगं आहे बाई, सुधारतो."

मी ओळ उलटवली. पहिलं अक्षर बरोबर आलं, बाकी सगळा कचरा. हसू आलं मला. म्हटलं, किडा लागला.

एक अठ्ठावन्न. दुसरी ओळ. तीही कचराच.

दोन वीस. तिसरी. आखूड होती.

मग काही आलं नाही.

मी दादाला एकदा फोन लावला. वाजत राहिला. वाटलं, निघाला असेल घरी, गाडीवर असेल. अडीचला बाई पर्स उचलून गेल्या. मी बसलो. किडा सापडल्याशिवाय उठायचं नाही, असा हट्ट. त्या तीन ओळी माझ्या लॅपटॉपवर एका फाईलमध्ये टाकल्या आणि फाईलला नाव दिलं 'नमुना'. त्या ओळींवर प्रोग्राम पुन्हा पुन्हा चालवत होतो. चहा केला. एकदा शीळसुद्धा घातली.

साहेब, माझा भाऊ खाली हाका मारत होता आणि मी त्याच्या हाकांवर सराव करत होतो.

चार वाजून दहा मिनिटांनी सापडला. 'चावी एकने वाढव' ही ओळ चार जागा उजवीकडे सरकून अक्षरांच्या फेऱ्यात शिरली होती. ती संदेश संपल्यावर एकदा चालायची, ती प्रत्येक अक्षराला चालत होती. पहिल्या अक्षराला तीन, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला पाच... थांबणंच नाही. म्हणून पहिलं अक्षर बरोबर. म्हणून माझी एका अक्षराची चाचणी पास.

मी वरच्या प्रोग्राममध्येही तीच चूक मुद्दाम केली आणि तिन्ही ओळी उलटवल्या.

'दार उघडत नाही.'

'मूठ हातात आली, खाली ये.'

'वाचतोयस ना?'

मी जिने कसे उतरलो ते आठवत नाही. दार बाहेरून एका हिसक्यात उघडलं. एका बोटाने उघडलं असतं.

दादा मशीनसमोर बसला होता. भिंतीला टेकून. उजवा हात वर, कळांवर. काढावा लागला तो तिथून...

आता ऐका, की तुमच्या चौथ्या पानावरचं ते वाक्य आलं कुठून.

माझ्याकडूनच.

पोलीस यायच्या आधी टकल्याने मला जिन्याखाली घेतलं. "तू कंपनीच्या मशीनमध्ये काय घातलं होतंस ते मला बाईंनी सांगितलंय. तुरुंगात जाशील. मी त्याबद्दल बोलत नाही. तू मुठीबद्दल बोलू नकोस."

मी बोललो नाही. खाली जाऊन मशीन पुसलं, कोरं केलं. त्याने वायर काढली, मशीन भिंतीवरून उतरवून कपाटात ठेवलं, कुलूप लावलं. आणि तुम्ही विचारलंत, "आतून काही संदेश?" तेव्हा मी म्हणालो, "नाही."

स्वतःच्या भावाबद्दल. त्याच्या तेराव्या दिवसाच्या आत.

पण बाई खोटं बोलल्या नव्हत्या. त्या तुमच्यासमोर म्हणाल्या होत्या, काहीतरी वेडंवाकडं आलं होतं स्क्रीनवर. तुम्ही काय म्हणालात? "अर्थ लागत होता का त्याचा? मग संदेश कसा म्हणायचा?" आणि पेनाचं टोपण लावलंत. दाराच्या आत पाऊल टाकलं नाहीत. बाहेरून वाकून पाहिलंत. थंडी फार होती ना.

'कामगाराचा निष्काळजीपणा.' हे मात्र तुमचे शब्द.

दादा गेल्यावर मी वहिनीकडेच राहायला गेलो. माणूस हवं घरात. तिथे पहिल्याच दिवशी एक गोष्ट दिसली. वहिनीने फ्रिज रिकामा केला होता. बंद केला होता. आणि त्याचं दार उघडं राहावं म्हणून मध्ये स्टूल लावून ठेवलं होतं.

 

दुसऱ्या दिवशी कपडे घड्या घालता घालता तिने एकच विचारलं.

"भावोजी, तुम्ही वर होतात ना हो? यांनी एकदाही हाक मारली नाही?"

"नाही वहिनी."

"झोप लागली असेल म्हणतात. अशा ठिकाणी झोप लागते?"

"लागते म्हणे."

ती दादाच्या शर्टाची घडी घालत राहिली. एकच शर्ट. पुन्हा पुन्हा.

तिसऱ्या शनिवारी ती फाईल पुसून टाकायची असं ठरवून मी लॅपटॉप उघडला. वहिनी बाहेर गेली होती. बाहेर ऊन रणरणत होतं. घड्याळ पाहिलं नव्हतं, खरंच सांगतो.

आधी घुमघुम आली...

फ्रीजर रूमच्या पंख्यांची. सात वर्षं ती ऐकलीय, झोपेतही ओळखीन. या घरात तसलं काही नाही.

मग ती एकदम थांबली.

आणि मग लक्षात आलं, की काहीच ऐकू येत नाहीये. छताचा पंखा फिरतोय, आवाज नाही. रस्त्यावर गाडी गेली, आवाज नाही.

कळांवर बोट ठेवलं. बोट चिकटलं. बर्फाला चिकटतं तसं.

मी फाईल उघडली. 'नमुना'.

तीन ओळी असायला हव्या होत्या...

चार होत्या.

चौथीची वेळ, एक बावन्न.

सुधारलेल्या प्रोग्रामने उलटवली. कचरा आला. तेव्हा काय करायचं ते मला कळलं, आणि कळू नये असं वाटलं. मोडका प्रोग्राम काढला. चारही ओळी एकापाठोपाठ एक दिल्या. चावी तीनपासून सुरू झाली, अक्षरागणिक वाढत गेली, तिसरी ओळ संपली, न थांबता चौथीत शिरली...

उलटली.

तिसरी ओळ जिथे संपली होती, चौथी तिथूनच पुढे मोजत होती. मध्ये मशीन एकदाही बंद झालं नव्हतं, असं. पुसलेलं मशीन. कपाटातलं मशीन.

तो अजून तिथेच आहे, साहेब. माझ्या त्या चुकीच्या ओळीच्या आत.

चौथी ओळ होती, 'थंडी वाजत नाही आता.'

आणि स्वयंपाकघरातून आवाज आला.

ठक...

ठक... ठक...

फ्रिजमधून. आतल्या बाजूने. उघड्या, रिकाम्या फ्रिजमधून.

मी गेलो तेव्हा स्टूल बाजूला पडलं होतं आणि दार बंद होतं.

मी फाईल पुसली. रिसायकल बिनसुद्धा रिकामी केली. पुढच्या शनिवारी ती परत जागेवर होती. आता पाच ओळी.

'किडा सापडला का मास्तर?'

रडायला यायला हवं होतं. नाही आलं. मला दिसत होतं तो कसा म्हणाला असेल ते. डबा उघडता उघडता, माझ्याकडे न बघता. राग नव्हता त्यात. राग असता तर मी सहन केलं असतं.

त्याच दिवशी संध्याकाळी मी वहिनीला सांगितलं. सगळं. चावी, ओळ, चहा, शीळ, जिन्याखालची बोली. तुम्हाला सांगितलेलं 'नाही' आणि तिला सांगितलेलं 'नाही'.

ती ओरडली नाही. म्हणाली, "दाखवा."

मी दाखवलं. तिने तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. 'वाचतोयस ना?' बराच वेळ ठेवलं.

"आणि तुम्ही वाचत नव्हतात," ती म्हणाली.

"बघत होतो, वहिनी. कळत नव्हतं."

"उठून खाली जायला काय कळावं लागतं हो?"

 

मग तिने पदराने स्क्रीन पुसली. काचेवर आतून पांढरं धरलं होतं, ते पुसलं गेलं नाही. ती म्हणाली, "आजपासून माझ्याशी बोलू नका. याच घरात राहा, जेवा, पण बोलू नका. आणि त्यांना मात्र उत्तर द्या. इतके दिवस हाका मारतायत, घरातलं कोणी ओ देत नाही. असं कसं चालेल?"

मी पाचव्या ओळीखाली लिहिलं, 'वाचतोय दादा.' मोडक्या प्रोग्राममधून सरकवून. मोजणी पाचव्या ओळीच्या शेवटापासून पुढे धरून.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं समोर बसलो. न बोलता. एक बावन्नला पंख्याचा आवाज गेला. वहिनीने हात घट्ट मिटले. तिच्या तोंडातून वाफ निघाली, भर उन्हाळ्यात.

ओळ अक्षर अक्षर करत उमटली. आमच्यासमोर. हळू. बोटं वळत नसलेल्या माणसासारखी.

मी उलटवली. वहिनीने वाचली, मोठ्याने.

'मूठ बसवली का?'

स्वतःसाठी विचारत नव्हता तो. त्याला कशाला लागते आता मूठ?

मी नोकरी सोडली होती, तरी सोमवारी गेलो. मागच्या बाजूने, माल उतरवतात तिथून. खाली एक नवा माणूस होता. पंचेचाळिशीचा, चष्मेवाला. "कोण हवंय?" म्हणाला. म्हटलं, जुना आहे, सहज आलोय. त्याच्याशी बोलता बोलता दार पाहिलं. आतल्या बाजूने.

मूठ तारेने बांधली होती.

तीच तार. दादाने बांधलेली. मी ओळखतो तिचा पीळ. फक्त सुटलेली, ती कोणीतरी परत गुंडाळली होती. वरच्या धोक्याच्या घंटीची वायर तोडलेलीच. ती उगाच वाजते म्हणून तोडली होती, आठवतंय? नाही आठवणार. तुम्ही आत आलाच नव्हतात.

त्या माणसाला सांगितलं, "आत जाताना दारात खोकं अडकवा."

हसला. "साहेब ओरडतात हो. थंडी बाहेर जाते."

आता शेवटचं, आणि हे नीट वाचा, कारण याला चावी लागत नाही.

माझा भाऊ माझ्यामुळे मेला. त्याने सरळ लिहिलं आणि माझ्या हुशारीने त्याचा कचरा केला. नंतर मी ते लपवलं. माझ्यावर जो गुन्हा लावायचा तो लावा, मी घरीच आहे.

पण गोदामाच्या तक्रार वहीत त्याच मुठीबद्दल दादाच्या चार तक्रारी आहेत. दहा महिन्यांतल्या. त्याच्या हस्ताक्षरात, साध्या भाषेत. 'आतली मूठ सैल आहे.' 'मूठ निघते, कोणीतरी अडकेल.' ती वही तुमच्या टेबलावर होती. मी पाहिली. तिच्यावर तुमचा चहाचा कप होता.

माझ्याकडे आलेल्या ओळी सरकवलेल्या होत्या, साहेब. मला वाचता आल्या नाहीत.

तुमच्याकडच्या का वाचता आल्या नाहीत?

उद्या शनिवार आहे. वहिनीने फ्रिजला पुन्हा स्टूल लावलंय. एक बावन्नला पंखा गप्प होईल. तो त्याच प्रश्नाचं उत्तर मागेल आणि मला काहीतरी लिहावं लागेल. त्याच्याशी मी आता खोटं बोलणार नाही.

चष्मेवाला माणूस उद्या आत एकटाच असेल. हमाल दीडला जातात.

बसवली का मूठ?

हो की नाही, एवढंच लिहा. पण दुपारच्या आत लिहा.